चारच्या उन्हातला रंग

"असा रंग दे, जो दहा वर्षांनीही जुना दिसणार नाही."

काउंटरपलीकडून आवाज आला आणि शेडबाईचा हात रंग मिसळायच्या मशीनच्या झाकणावर तसाच राहिला. हा आवाज तिने सहा वर्षं ऐकला नव्हता. मान वर न करताही तिला कळलं, ताई आली आहे.

रंगांच्या त्या दुकानात तिला सगळे शेडबाई म्हणत. गिऱ्हाईकं, रंगारी, खुद्द मालकही. कुठल्या पांढऱ्यात पिवळा किती आणि कुठल्यात निळा किती, हे ती डब्याचं झाकण उघडताच सांगायची. लोक लांबून तिला विचारायला यायचे, कारण ती खोटं बोलत नसे. मालकाला खपवायचा असलेल्या रंगाबद्दलही ती तोंडावर सांगून टाकायची, "हा घेऊ नका. यंदा सगळ्यांकडे आहे, म्हणजे अजून दोन वर्षांनी सगळ्यांना नकोसा होणार." मालक कपाळाला हात लावायचा, पण तिला काही बोलायचा नाही. तिच्यामुळेच तर गिऱ्हाईक परत यायचं.

"अगं, तू इथे असतेस?" ताईने असं काही विचारलं, जणू आज अचानक रस्त्यात गाठ पडली. मग जरा ओशाळून म्हणाली, "म्हणजे, कानावर आलं होतं. म्हटलं, परक्याला विचारण्यापेक्षा घरच्या माणसाला विचारावं."

घरच्या माणसाला! शेडबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. "बोल. काय रंगवायचंय?"

"स्वयंपाकघरातली कपाटं. आईच्या घरातले भाडेकरू गेले. आता आम्ही दोघं तिथेच राहायला येतोय. कपाटांचा तो तपकिरी रंग आठवतोय ना तुला? बघवत नाही."

आठवतोय ना तुला! अकरा वर्षं तिने त्या कपाटांसमोर काढली होती. आईचं अर्धं अंग गेलं, तेव्हा ती, धाकटी, होती बत्तीस वर्षांची आणि टेलिफोनच्या कचेरीत चांगल्या नोकरीला होती. ताई हे घर घेण्याआधीच लग्न होऊन दुसऱ्या गावी. नोकरी कोणी सोडायची, हे कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही, धाकटीने ती सोडली. आईला पलंगावर एकटं पडून राहायला आवडत नसे, म्हणून रोज तिला उचलून स्वयंपाकघरातल्या खिडकीपाशी खुर्चीत बसवायचं, तिथेच भरवायचं, तिथेच तिचे केस विंचरायचे. ताई महिन्यातून एकदा सकाळच्या बसने यायची, फळं आणायची, आईच्या हातावरून हात फिरवून डोळे पुसायची आणि एकच्या बसने परत जायची.

अशाच एका सकाळी ताईने तिला औषधं आणायला पिटाळलं होतं. दुकानात गर्दी होती, तासभर गेला. त्या तासाभरात काय झालं, ते तिला दोन वर्षांनी कळलं. आई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात ताईने पर्समधून कागद काढून टेबलावर ठेवला. घर ताईच्या नावावर. खाली आईची सही, वाकडीतिकडी, पण आईचीच.

"आईने दिलं गं," ताई म्हणाली होती, "मी काही मागायला गेले नव्हते. तू दोन महिन्यांत कुठेतरी खोली बघ. घाई नाही."

ती भांडली नाही. दोन पेट्या आणि आईची खुर्ची घेऊन बाहेर पडली. लोक म्हणाले, किती समंजस मुलगी. समंजस वगैरे काही नव्हती ती. तिला फक्त सापडत नव्हतं, ताईला कुठे मारलं की लागेल.

आणि आज ताई स्वतःच्या पायांनी चालत आली होती. वर विचारत होती, कुठला रंग देतेस?

शेडबाईने शेडकार्डांचा गठ्ठा पुढे ओढला. त्या कपाटांना कुठला रंग द्यायचा, हे तिचं कधीचंच ठरलेलं होतं. आईला भरवता भरवता तिने मनातल्या मनात ती कपाटं शंभर वेळा रंगवली होती. पांढऱ्यात पिवळ्या मातीचे दोन थेंब आणि गेरूचा अगदी एक. दुधाच्या सायीसारखा, सकाळी शांत आणि दुपारी उबदार. आईला एकदा सांगितलंही होतं. आई अर्ध्या तोंडाने हसून म्हणाली होती, "मी गेल्यावर कर. मला आता वास सोसायचा नाही."

तो रंग ती ताईला देणार नव्हती. जीव गेला तरी नाही.

तिने खालून तिसरं कार्ड काढलं. राखाडीत मुरलेला हिरवा, मॅट. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो एखाद्या भारी मासिकातल्या फोटोसारखा दिसायचा.

"अगंबाई!" ताईचे डोळे चमकले. "काय सुंदर आहे! पण हा टिकेल ना? म्हणजे लोक दोन वर्षांनी म्हणायला नकोत, ही जुनी फॅशन."

"टिकेल."

"घरी नेऊन बघू का एकदा? दाराला लावून वगैरे?"

दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला शेडबाई स्वतःहून तेच सांगायची. पुठ्ठ्यावर रंगाचा हात मारून द्यायची आणि बजावायची, तीन दिवस घरात ठेवा, सकाळी बघा, दुपारी बघा, दिव्याच्या उजेडात बघा, मगच डबा न्या. पुठ्ठ्याचे तुकडे तिच्या हाताशीच पडले होते.

"कशाला?" ती म्हणाली. "मी आहे ना."

ताईने तिचा हात हातात घेतला. "मला वाटलंच होतं, तू मनात काही ठेवणार नाहीस."

शेडबाईने हात सोडवून घेतला आणि डबा मशीनखाली ठेवला.

गोष्ट अशी होती की त्या स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला होती. समोरच्या इमारतीची भिंत उघड्या लाल विटांची. साडेतीनला उन्हं त्या भिंतीवर पडायची आणि तिथून परतून खिडकीतून थेट कपाटांवर यायची. चार ते सहा सगळ्या खोलीत तांबडा उजेड भरून राहायचा. जुना तपकिरी रंग त्यात निदान खपून जायचा. पण हा राखाडी हिरवा त्या उजेडात काय होणार, ते शेडबाईला डोळे मिटूनही दिसत होतं. आठवडाभर फुलदाणीत राहिलेल्या पाण्यासारखा. मार लागून चौथ्या दिवशी काळीनिळी झालेल्या कातडीसारखा. आणि ताईला ते माहीत असायचं काही कारणच नव्हतं. तिने ते स्वयंपाकघर कधी एकच्या पुढे पाहिलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी रंगारी दुकानात आला. म्हातारा, मोजकं बोलणारा माणूस. पंधरा मिनिटं इकडेतिकडे करून शेवटी काउंटरवर टेकला.

"शेडबाई, त्या कपाटांचा रंग चुकलाय का?"

"का? काय झालं?"

"सकाळी झकास दिसतो. पण चार वाजले की बघवत नाही हो. मढ्याच्या तोंडावर असते तशी कळा येते. पहिला हात मारलाय, दुसरा मारण्याआधी म्हटलं विचारावं."

"गिऱ्हाइकाने पसंत केलाय ना?"

"केलाय."

"मग मारा दुसरा हात."

रंगारी हलला नाही. "तुम्हीच सांगता ना सगळ्यांना, आधी घरी नेऊन बघा म्हणून?"

"यांनाही सांगितलं होतं," शेडबाई म्हणाली.

त्याने तिच्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि डबा उचलून गेला. ताईशी खोटं बोलताना तिला काहीसुद्धा वाटलं नव्हतं. या माणसाशी बोलताना मात्र जीभ जड झाली. तिने तो विचार झटकून टाकला.

पुढचे दोन आठवडे तिने अक्षरशः मजेत काढले. दुकानाच्या घड्याळात चार वाजले की तिला आतून गुदगुल्या व्हायच्या. आता उन्हं भिंतीवर आली असतील. आता ताई चहा टाकायला उठली असेल. आता कपाटांकडे बघून तिचं तोंड आंबट झालं असेल. सहा वर्षांत चहा इतका गोड कधी लागला नव्हता. मालक म्हणाला, "काय शेडबाई, हल्ली खुशीत दिसता?" ती म्हणाली, "चालायचंच."

मग ताईचा फोन आला. "बघायला तरी ये की गं. तुझीच निवड आहे."

"येते. चारला येते."

सहा वर्षांनी ती त्या जिन्याने वर चढली. भाऊजी फिरायला बाहेर पडले होते. ताईने तिला थेट स्वयंपाकघरात नेलं आणि शेडबाई दारातच थबकली. तिने कल्पना केली होती, त्याच्यापेक्षा ते वाईट होतं. ओट्याच्या वर आणि खाली सगळी कपाटं आजारी दिसत होती. नव्या फरश्या, नवा नळ, सगळ्यावर त्याची छाया पडली होती. तिच्या छातीत काहीतरी आनंदाने उड्या मारू लागलं. आता ताई बोलेल. आता ओरडेल. म्हणेल, हे काय दिलंस मला?

ताईने चहाचा कप तिच्या हातात दिला आणि समोर बसली. थकल्यासारखी दिसत होती.

"एक विचारू? खरं सांग हं. तुला हा रंग कसा दिसतोय?"

"का?"

"मला ना, दुपारनंतर तो भलताच दिसतो. मळका, कुजल्यासारखा. आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. त्यांनी सगळं तपासलं, म्हणाले डोळे ठणठणीत आहेत. यांना विचारलं, तर हे म्हणतात, तुझं आपलं काहीतरीच, तुझ्या बहिणीसारखी जाणकार बाई चुकेल का?" ताईने आवाज खाली आणला. "मला भीती वाटते गं. आईचंही सुरुवातीला असंच काहीतरी झालं होतं ना? दिसण्याचं?"

शेडबाईचा एक शब्द पुरे होता. 'छानच तर दिसतोय' म्हटलं असतं, की ताई पुढची कित्येक वर्षं स्वतःच्याच डोळ्यांना घाबरत जगली असती. याहून मोठा सूड कुणाला मिळणार?

पण शेडबाईला राग आला. सगळा घाव डोळ्यांवर गेला होता, वयावर गेला होता, आईच्या आजारावर गेला होता. तिच्या नावावर काहीच नव्हतं. सहा वर्षं वाट पाहून मारलेला फटका, आणि ताईला मारणारं माणूससुद्धा दिसत नव्हतं.

"तुझे डोळे ठीक आहेत, ताई."

"मग?"

"रंगच घाण दिसतोय. घाण दिसणार, हे मला माहीत होतं. म्हणूनच दिला."

ताई आधी हसली. मग तिचं हसू ओठांवरच विरून गेलं. "म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम. अकरा वर्षं मी या खिडकीतलं ऊन बघितलंय. कुठल्या वाजता कुठे येतं, हिवाळ्यात कुठवर पोचतं, सगळं. तू एक दिवस तरी चारपर्यंत थांबली असतीस, तर दुकानातच माझ्या तोंडावर फेकला असतास तो डबा."

"आणि मी तुझ्यावर विश्वास टाकून..."

"मीही त्या दिवशी विश्वासानेच गेले होते, औषधं आणायला."

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारीचं दार आपटलं.

"इतकी वर्षं मनात धरून बसलीस? मी घर घेतलं म्हणून?"

शेडबाईने कप खाली ठेवला. "काय म्हणालीस?"

"काय?"

"'घेतलं' म्हणालीस. आजवर 'आईने दिलं' म्हणत आलीस. मला, भाऊजींना, सगळ्या नातेवाइकांना."

तांबड्या उजेडात ताईचा चेहराही कपाटांसारखाच दिसत होता. ती टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "आमचे तेव्हा फार वाईट दिवस चालले होते."

"मला विचारलं असतंस, तर मीच सही करायला लावली असती आईला," शेडबाई म्हणाली. हे आपण खरं बोललो की फक्त टोचायला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"आता या कपाटांचं काय करू?"

"सकाळी छान दिसतात. स्वयंपाक सकाळीच उरकत जा."

"दुसरा रंग सांगशील?" ताईचा आवाज चिरकला. "तुला माहीत असेल ना, इथे कुठला शोभेल ते?"

"माहीत आहे."

"मग?"

"तो नाही देणार."

ताई रडेल असं तिला वाटलं होतं, पण ती रडली नाही. बोलण्यासारखं होतं ते बोलून झालं होतं. शेडबाईला हलकं वाटत होतं, आणि काहीतरी गमावल्यासारखंही. दोन्ही एकदमच.

ती उठली. सवयीने स्वतःचा कप नळाखाली धरून विसळला आणि न बघताच डावा हात वर नेला, खिडकीशेजारच्या छोट्या फळीवर कप उपडा घालायला. हात हवेतच राहिला. तिथे फळी नव्हती. भिंतीला गुळगुळीत नवी फरशी होती.

"उजवीकडे," मागून ताई हळूच म्हणाली. "कप आता उजवीकडे असतात."

शेडबाईने उजवीकडे पाहिलं नाही. कप ओट्यावर ठेवला, रुमालाने बोटं एकेक करून पुसली आणि पायात चपला सरकवून जिना उतरू लागली.