काळी होते तेच बरं होतं

मित्रांनो, मी एक जुनी मोटारगाडी आहे. सध्या एका रंगकामाच्या गॅरेजमागे, अंगणातल्या भिंतीला नाक लावून उभी आहे. चाकांत हवा नाही, बॅटरी केव्हाच काढून ठेवली आहे. तरी येणारेजाणारे थबकतात आणि म्हणतात, जुनी असली तरी रंग काय राखलाय! पांढराशुभ्र रंग आहे माझा. त्याचं कोणी कौतुक केलं की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. असं का होतं, ते आज सांगते. गोष्ट दुःखाची आहे. पण तुम्ही सगळे गाड्यांत बसता, म्हणून ती तुम्ही ऐकायला हवी.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी काळी कुळकुळीत होते. रस्त्याने जाणारे लोक माझ्या दारात बघून भांग सारखा करायचे. एका मोठ्या कार्यालयाने मला साहेबांसाठी घेतलं आणि माझ्यावर एक ड्रायव्हर नेमला. वयाने फार नव्हते, पण चेहरा असा गंभीर की पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना ड्रायव्हरकाका म्हणू लागले. साहेबसुद्धा.

काका नियमांचे पक्के. सदऱ्याचं गळ्याजवळचं बटण लावल्याशिवाय चावी फिरवायची नाही. गाडी उभी केली की चारही काचा वर, नाहीतर धूळ आत जाते. साहेब आत गेले की गाडी सोडून हलायचं नाही. शाळा आणि दवाखान्याच्या आवारात हॉर्न वाजवायचा नाही, मग समोर कोणीही आडवं येवो. हे नियम सगळ्याच ड्रायव्हरांना नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितले होते. बाकीच्यांनी ते आठवड्याभरात गुंडाळून ठेवले. काकांच्या मात्र ते हाडीमाशी भिनले. मला तर त्यांनी तळहाताच्या फोडासारखं जपलं. सकाळी एक फडकं ओलं, एक कोरडं, आणि काचांसाठी तिसरं वेगळं. त्या तिसऱ्या फडक्याला दुसऱ्या कोणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

आमचं एकाच बाबतीत जमलं नाही. उन्हाळ्यात मी भयंकर तापायचे. पत्र्याला हात लागला तर चटका बसायचा. साहेब आत असले की काका माझ्यापासून चार पावलांवर, कुठल्यातरी भिंतीच्या सावलीत ताटकळत उभे राहत. 'ही गाडी नाही, भट्टी आहे,' असं ते इतर ड्रायव्हरांना सांगत आणि सगळे हसत. मी मनातल्या मनात कुढायचे. मला कारखान्याने दुसऱ्या रंगात का नाही काढलं, असं वाटायचं. इतक्या उन्हाळ्यांत भरदुपारी मी उभी असताना काका एकदाही माझ्यात बसले नाहीत. त्यात माझा अपमान नव्हता, त्यांचं भलं होतं, हे कळायला मला फार उशीर लागला.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. कार्यालयाने मला मोडीत काढायचं ठरवलं, तेव्हा काकांनी साहेबांना गळ घातली आणि मला घरी आणलं. घरी त्यांचा मुलगा होता, सूनबाई होती. घराला लागूनच मुलाचं गाड्या रंगवायचं गॅरेज. हात असा सफाईदार की ठोकलेला दरवाजा नव्यासारखा करून द्यायचा. कोणत्याही गाडीला तो आधी तळवा लावायचा. पत्रा कुठे बसला आहे, जुना रंग कुठे सुटला आहे, हे त्याला डोळ्यांआधी तळव्याला कळायचं. लोक त्याला गमतीने 'पत्र्याचा वैद्य' म्हणत.

ते दिवस सुखाचे होते, पण सुखाला दृष्ट लागायला कितीसा वेळ लागतो? काका विसरू लागले. आधी वळायचा दिवा लावायच्या जागी वायपर चालू करायचे. मग ओळखीचा रस्ता चुकले. मग एके दिवशी त्यांनी मुलाला विचारलं, 'आपण कोण?' त्या दिवशी मुलाने माझी चावी काढून घेतली आणि तो गॅरेजच्या मागे जाऊन पोटभर रडला. मी पाहिलं.

काका सगळं विसरले, मित्रांनो. फक्त नोकरी विसरले नाहीत. सकाळी उठून सदरा चढवायचे, बटण लावायचे आणि साहेबांना शोधायला घराबाहेर पडायचे. दोनदा हरवले. दुसऱ्यांदा सापडले तेव्हा पायांत चप्पल नव्हती आणि टाचा फुटल्या होत्या. मग सूनबाईला एक युक्ती सुचली. ते निघाले की ती दारात जाऊन सांगायची, 'बाबा, साहेब आत गेलेत. येतीलच. तुम्ही गाडीजवळ थांबा.' एवढं म्हटलं की काका जागच्या जागी थबकायचे, माझ्यापाशी यायचे आणि उभे राहायचे. युक्ती अगदी रामबाण निघाली. घराला जरा उसंत मिळाली. मुलगाही तेच वाक्य वापरू लागला. त्या वाक्यात किती ताकद आहे, ते तेव्हा कोणालाच कळलं नव्हतं.

पण उन्हाळा आला आणि काका तासन् तास अंगणात उभे राहून घामाघूम होऊ लागले. घरात या म्हटलं तर येईनात. गाडीत तरी बसा म्हटलं तर म्हणायचे, ही भट्टी आहे. मुलाचा जीव तीळ तीळ तुटायचा. शेवटी तो म्हणाला, मी इतक्या लोकांच्या गाड्या रंगवतो, माझ्या बापासाठी एक रंगवू शकत नाही? काळा रंग ऊन पितो, पांढरा परतवतो, हे तर लहान पोरालाही ठाऊक आहे.

त्याने मला घासून काढलं. पत्र्याच्या खाचखळग्यांत लांबी भरली, पुन्हा घासलं, अस्तराचा हात दिला. काचांवर रंगाचे शिंतोडे उडू नयेत म्हणून सगळ्या काचांना जुनी वर्तमानपत्रं चिकटवली. मग पांढऱ्या रंगाचा पहिला हात मारला. तो वाळल्यावर छटा कशी दिसते ते उजेडात पाहायला मला ढकलत उन्हात आणलं. स्टिअरिंग धरायला काकांना आत बसवलं, समोरच्या कागदाला बोटभर भोक पाडून दिलं. काका इतके खूश झाले की उतरायलाच तयार होईनात. तासाभराने उतरले आणि म्हणाले, 'गार आहे रे. सावलीत बसल्यासारखं वाटलं.'

मुलाने माझ्या बॉनेटला तळवा लावला. चटका नाही. त्याने बापाकडे पाहिलं, बापाच्या कपाळावर घाम नाही. त्याचे डोळे भरून आले.

चूक झाली ती इथे. गारवा रंगाचा नव्हता, कागदांचा होता. ऊन पत्र्यातून येतं थोडं, काचेतून येतं फार. काचेतून आत शिरतं, सीटवर बसतं, तिथे त्याची धग होते, आणि काचा बंद असल्या की त्या धगीला बाहेर पडायला वाट मिळत नाही. त्या दिवशी माझ्या प्रत्येक काचेवर कागद होता. दुसऱ्या दिवशी रंगाचा दुसरा हात झाला, कागद निघाले, आणि पोटातून मी होते तशीच झाले. अगदी तशीच नाही. पूर्वीपेक्षा थोडीशी कमी तापायचे, खोटं कशाला बोलू? पण थोडीशीच. माझ्या सीटा काळ्या होत्या, समोरचा डॅशबोर्ड काळा होता. रंग बदलला तो बाहेरचा. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

मुलगा मात्र ज्याला त्याला सांगू लागला, पांढऱ्या गाडीला ऊन लागत नाही, माझ्या बापाला विचारा. गिऱ्हाइकं येऊन माझ्या पत्र्याला हात लावून बघायची आणि माना डोलवायची. एकानेही दार उघडून आत डोकं घातलं नाही. आणि मी? मला मिरवायला आवडायचं, मित्रांनो. खोटं कौतुक गोड लागतं.

काका सकाळ-संध्याकाळ माझ्यात बसू लागले. तेव्हा ऊन उतरलेलं असायचं किंवा गॅरेजची सावली माझ्यावर असायची, म्हणून ते निभावलं.

मग तो दिवस आला. काकांना दवाखान्यात दाखवायचं होतं. एरवी सूनबाई सोबत असायची, त्या दिवशी तिला कामावरून सुट्टी मिळाली नाही. मागच्या खेपेला काकांनी दवाखान्यात गोंधळ घातला होता. बाकावरून उठून एकेक दार उघडत 'साहेब आहेत का?' विचारत सुटले होते. लोक बघत होते, कोणी हसलं, परिचारिका खेकसली. मुलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. म्हणून या वेळी त्याने ठरवलं, नंबर जवळ येईपर्यंत बाबांना गाडीतच बसू द्यावं. काकांना माझी ड्रायव्हरची जागा आवडायची. त्याने त्यांना तिथे बसवलं आणि चावी स्वतःच्या खिशात टाकली.

दवाखान्यासमोर मोकळं मैदान होतं. सावली कुठेच नव्हती. मुलाने पुढच्या दोन्ही काचा चार बोटं खाली ठेवल्या. माझ्या टपाला तळवा लावून पाहिला. मग वाकून म्हणाला, 'बाबा, साहेब आत गेलेत. येतीलच. तुम्ही गाडीत थांबा.'

काकांनी मान हलवली आणि गळ्याचं बटण लावलं. मुलगा पाठमोरा झाल्यावर त्यांनी एकेक काच फिरवून वर केली. गाडी उभी केली की काचा वर, हा नियम होता.

दार उघडं होतं, मित्रांनो. कुलूप नव्हतं. कडी ओढली असती तर उघडलं असतं.

दहा मिनिटांत माझ्या आत बसवेनासं झालं. काकांच्या कानामागून घाम ओघळू लागला. त्यांनी रुमाल काढला, आणि कपाळ पुसण्याआधी स्टिअरिंग पुसलं. त्यांचा हात हॉर्नवर गेला. मी जीव मुठीत धरून वाट पाहिली. त्यांनी समोरची दवाखान्याची पाटी वाचली आणि हात काढून घेतला.

विसाव्या मिनिटाला मुलगा व्हरांड्यात आला. लांबून त्याला बाप ताठ बसलेला दिसला. त्याने हात केला. काकांनी कपाळाला हात लावून सलाम केला, साहेबांना करायचे तसा. मुलाला हायसं वाटलं आणि तो परत रांगेत गेला.

मला चार चाकं आहेत, दोन दिवे आहेत, चार काचा आहेत. त्यातलं काहीच माझं मला हलवता येत नाही. त्या दिवशी मी काळी असते, तर मुलाने टपाला हात लावताच झटकला असता. त्याने बापाला क्षणभरही आत ठेवलं नसतं. माझ्या पांढऱ्या अंगाने त्याला खोटी साक्ष दिली.

तासाभराने तो आला. 'चला बाबा, नंबर आला,' असं म्हणतच त्याने दार उघडलं, आणि आतली धग त्याच्या तोंडावर आली. काकांची मान खाली होती. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, बटण लावलेलं होतं. दवाखान्यातली माणसं धावत आली, त्यांना उचलून आत नेलं, पाणी मारलं, सगळं केलं. काका परत आले नाहीत.

त्यानंतर मला कोणी चालवलं नाही. मुलगा गॅरेज चालवतो, पण आता तो कोणाला रंगाचे गुण सांगत नाही. गिऱ्हाईक म्हणालं की उन्हासाठी पांढरी करायची आहे, तर एवढंच म्हणतो की रंग करून देईन, पण आतल्या माणसाची हमी देणार नाही.

मागच्या उन्हाळ्यात एकदा भरदुपारी तो माझ्याकडे आला. आत बसला, बापाच्या जागी. चारही काचा वर केल्या आणि घड्याळ मांडीवर ठेवलं. सूनबाई त्याला जेवायला बोलवायला आली तेव्हा त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. तिने दार खसकन उघडलं आणि त्याला ओढून बाहेर काढलं. तो तिथेच चाकाला टेकून खाली बसला. बराच वेळ त्याला धाप लागली होती.

'नऊ मिनिटं,' तो म्हणाला. 'मला नऊ मिनिटं नाही बसवलं गं. ते तासभर बसले.'

सूनबाई म्हणाली, 'दार उघडंच होतं. तुम्ही कुठे कोंडलं होतं त्यांना?'

'कोंडलं असतं तर त्यांनी दार तरी बडवलं असतं,' तो म्हणाला. 'मी त्यांना नोकरीवर बसवून गेलो.'

'साहेब आत गेलेत' हे वाक्य आधी तिनेच शोधलं होतं. ती त्याच्या शेजारी मातीत बसली आणि दोघं लहान मुलांसारखी रडली.

मित्रांनो, मी पडले एक जुनी गाडी. माझं कोण ऐकणार? पण हात जोडता आले असते तर जोडून सांगितलं असतं. गाडी काळी असो, पांढरी असो, निळी असो, बंद गाडीत कोणालाही ठेवून जाऊ नका. म्हाताऱ्याला नाही, तान्ह्याला नाही, मुक्या जनावराला तर नाहीच. 'आलोच' म्हणूनसुद्धा नाही. त्यांना हाताला धरून सोबत आत न्या. ते गोंधळ घालतील, भलतीच दारं उघडतील, लोक बघतील आणि हसतील. हसू देत. गोंधळ घालणारं माणूस संध्याकाळी घरी तरी परत येतं.