दोन बोटं मागे

मैदानावरचे अकरा वाळूचे खड्डे रोज सकाळी दाताळ्याने सारखे करायचे, हे आम्हा नणंद-भावजयांचं काम. माझी जपाची माळ उजाडायच्या आत होते, त्याआधी मी पाण्याचा घोटही घेत नाही. ती झाली की दोघी निघायचो आणि पहिला खेळाडू गाडीतून उतरायच्या आत अकराच्या अकरा खड्डे कोऱ्या पाटीसारखे करून ठेवायचो. गोल्फ खेळणारे त्यांना बंकर म्हणतात आणि त्यांत चेंडू पडला की कपाळाला हात लावतात. वन्संना मात्र ते लेकरांसारखे. कुणी पाय उमटवून गेला की "बघा, कसा तुडवून गेला मेला!" म्हणत त्या माझ्या आधी धावायच्या.

चौदा वर्षं वाकून वाकून त्यांची कंबर गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दाताळं आता कायमचं बंद, तासन्तास वाकणं नको. त्याच आठवड्यात कचेरीबाहेर चिठ्ठी लागली, नवशिक्यांना शिकवायला माणूस हवा. गोल्फ शिकवणाऱ्या मास्तरांचे धडे वन्सं खड्ड्यात उभ्या राहून चौदा वर्षं ऐकत आल्या होत्या. संध्याकाळी मैदान रिकामं झालं की मास्तरांना विचारून गवतावरून चेंडूही मारायच्या, आणि झकास मारायच्या. त्यांनी नाव दिलं.

"आणि नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर घरी बसून तुमच्या भाजीत मीठ कमी आहे म्हणत बसेन. चालेल?"

"नको हो वन्सं. जमवाच."

दोघी हसलो. पण रिकामं बसणं या बाईला आतून कसं पोखरेल, ते मला ठाऊक होतं. आमच्या ह्यांना बहिणीची चेष्टा केल्याशिवाय घास जात नाही. परीक्षेच्या सकाळी मात्र त्यांनीही चेष्टा केली नाही.

परीक्षा मास्तरांनीच घेतली. लांबचे फटके झाले, जवळचे झाले, सगळं पार पडलं. शेवटी बंकर. तीन चेंडू, त्यांतले दोन वरच्या, भोकाभोवतीच्या हिरवळीवर थांबायला हवेत. खड्डा सारखा करायला म्हणून मी काठावर दाताळं घेऊन उभी होते.

"आधी तोंडाने सांगा," मास्तर म्हणाले.

"पाय वाळूत रुतवायचे," वन्सं म्हणाल्या. "काठीचं पातं आभाळाकडे उघडायचं. चेंडूला मारायचंच नाही. त्याच्या दोन बोटं मागे वाळूत मारायचं आणि मधे थांबायचं नाही. वाळू उडते, तीच चेंडूला घेऊन जाते."

"वा. आता करून दाखवा."

पहिला फटका सणसणीत बसला, पण चेंडूवर. तो हिरवळीवरून पार पलीकडच्या कुंपणात गेला. वाळूचा कण हलला नव्हता. आणि वन्सं काय करतात, तर काठी टाकून खाली वाकल्या आणि स्वतःच्या पावलांचे ठसे तळहाताने पुसायला लागल्या.

मास्तर हळूच मला म्हणाले, "सगळ्यांना चेंडूची भीती असते. यांना वाळूची दया येते."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. बंकरमधून मारताना मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. जी वाळू चौदा वर्षं थोपटली, तिच्यात लोखंड घालायला त्यांचा हात धजत नव्हता. मी खड्ड्यात उतरले. त्या दाताळ्याकडे हात करत होत्या.

"द्या इकडे वहिनी, एवढं सारखं करते."

"नाही देणार. आजच्या दिवस वाळू माझी. तुम्ही उकरा, मी निस्तरते."

"अहो, पण..."

"उकरा म्हणते ना!"

मी कधी आवाज चढवत नाही. त्यांनी काठी उचलली. मग त्यांनी पाय रुतवले, घोट्यापर्यंत.

काठी वर गेली, खाली आली, आणि धप्प असा आवाज झाला, ओला गालिचा झटकल्यासारखा. वाळूचा पंखा उघडला. त्या सोनेरी धुरळ्याच्या मधोमध चेंडू वर चढत होता, सावकाश, जणू कुणी ओंजळीत धरून उचलावा. त्याला कुणी शिवलं नव्हतं! लोखंड वाळूत गेलं आणि चेंडू आभाळात. माझे हात आपोआप जुळले. रोज ज्या वाळूवरून मी दाताळं फिरवते, तिच्यात एवढं बळ निजलेलं असतं, आणि मला पत्ता नाही. चेंडू हिरवळीवर टेकला, दोन पावलं चालला आणि बसला.

"एक," मास्तर म्हणाले.

मी खड्डा सारखा केला. तिसऱ्या फटक्याला वाळू त्याहून जास्त उडाली, माझ्या डोळ्यांत गेली. चेंडू हिरवळीच्या अगदी कडेला पडला आणि उताराने परत आमच्याकडे यायला लागला. गवताची कड लागली, तो डुलला, थांबला.

मास्तर वाकून बघून आले. "हिरवळीवर आहे. सोमवारी आठ वाजता या बाई, सहा जण आहेत शिकायला."

वन्संचं लक्षच नव्हतं. त्या वाळूतल्या खळीकडे बघत होत्या, ताटाएवढी, उथळ, एका बाजूने धारदार.

"हे मी केलं?" त्या म्हणाल्या.

"तुम्हीच."

मी दाताळं उचललं, पण ती खळी पुसायला ते पुढे सरकेना. शेवटी ते काठाला टेकवलं आणि आम्ही दोघी तिथेच, वाळूत, बसलो.