दाजींच्या होडीचा खुंट

लहानशा होडीला जहाज करून दाखवणं, हा माझा धंदा. कुणाला होडी विकायची असली की तो मला बोलावतो. मी कॅमेऱ्याला वाइड लेन्स लावतो, गुडघे टेकतो आणि होडीच्या इतका जवळ जातो की नाकाला रंगाचा वास येतो. या लेन्सचा स्वभावच तसा आहे. जे जवळ असेल ते राक्षसाएवढं दिसतं आणि मागचं सगळं मुंगीएवढं. गिऱ्हाईक येऊन खरी होडी बघतं तेव्हा तोंड वाकडं करतं, पण तोवर ते धक्क्यापर्यंत आलेलं असतं ना! मामा मला भिंग्या म्हणतात. "राईचा पर्वत करून पोट भरणारा तू एकटाच रे, भिंग्या," असं म्हणून स्वतःच हसतात.

त्या सकाळी मात्र आमच्यात कुणीच हसत नव्हतं. होडी दाजींची होती.

दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा. आठवड्यापूर्वी वारा सुटला असताना ते होडी धक्क्याला लावत होते. दोर ताणलेला होता. होडीवरचा लोखंडी खुंट, ज्याला तो दोर बांधतात, तो मोडला. होडी एकदम मागे फेकली गेली आणि दाजी होडी नि धक्क्याच्या भिंतीच्या मधे पडले. बस. एवढंच. चांगला हसता-खेळता माणूस.

आणि मग लोकांची तोंडं सुटली. दोर ताणलेला असताना इंजिनाला झटका दिला असेल, घाई नडली, स्वतःच्या हाताने गेला. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार? चौकशीच्या साहेबांनाही तसंच वाटत होतं. ते म्हणाले, खुंटाचे फोटो आणा, मग बघू. ताई माझ्याकडे आली ती डोळे कोरडे करूनच.

"इतक्या होड्या मोठ्या करून दाखवल्यास," ती म्हणाली, "आता खुंटात आधीची भेग असणार, ती एक मोठी करून दाखव. ते चुकले नव्हते रे. मला माहीत आहे."

मी म्हटलं, "ताई, नसलेलं दाखवता येत नाही."

"मग असलेलं दाखव."

म्हणून मी होडीच्या पुढच्या टोकाला पोटावर आडवा झालो होतो. ताई माझ्यामागे उभी होती. समोर धक्क्याच्या पायरीवर मामा बसले होते. आई-वडील गेल्यावर आम्हा दोघांना त्यांनीच वाढवलं. होड्या दुरुस्त करायच्या, रंगवायच्या, यात त्यांचा जन्म गेला. दाजींची होडीही गेल्याच महिन्यात त्यांनीच रंगवून दिली होती, खुंटासकट, निळी. आठवडाभर ते कुणाशी धड बोलले नव्हते. मला वाटलं, जावयाचं दुःख.

उभा राहून काढलेल्या फोटोत खुंटाचं उरलेलं खोड म्हणजे एक तपकिरी ठिपका दिसत होता. खाऱ्या वाऱ्यात मोडलेलं लोखंड गंजायला कितीसा वेळ लागतो! नवी मोड कुठली, जुनी कुठली, काही कळेना. मग मी पुढे सरकलो. वीतभर अंतर राहिलं. खोडाने निम्मी चौकट भरली, त्याच्यामागे धक्का, आणि धक्क्यावर तांदळाच्या दाण्याएवढे मामा.

तेव्हा ते दिसलं. मोडलेल्या तोंडावर, कडेपासून आत, बोटाच्या पेरभर निळा रंग गेला होता.

रंग आत जातो कधी? आत जायला वाट असते तेव्हा. म्हणजे भेग आधीपासून होती. ती बुजली जाईल असा कुणीतरी तिच्यावर रंग फिरवला होता. आणि तो कुणीतरी माझ्याच चौकटीत बसला होता.

खरं सांगतो, मी डावीकडे सरकलो. तिथून माझी सावली बरोबर त्या निळ्यावर पडत होती. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक ही, आपलीच सावली फोटोत घेणं. मी ती मुद्दाम केली.

"दिसतंय काही?" ताईने विचारलं.

"गंजच आहे सगळा," मी म्हटलं. मेल्या जिभेला हाड नसतं हेच खरं.

ताई त्या खोडाकडेच बघत राहिली. रडली असती तर बरं झालं असतं.

मामा पायरीवरून उठले. त्यांनी माझी सावली पाहिली असणार. उभा जन्म उन्हात काम केलेला माणूस तो, उजेड कुठून येतो हे त्याला न कळायला काय झालं? ते होडीवर उतरले, माझ्या खांद्याला धरून त्यांनी मला उजवीकडे सरकवलं आणि खुंटामागे उकिडवे बसले. मग आपला अंगठा त्या निळ्या रेघेला लावून धरला.

"असा घे," ते म्हणाले. "अंगठ्यासकट घे. रंग किती आत गेलाय ते साहेबाला कळू दे. नाहीतर म्हणतील, भिंग्याने मोठं करून दाखवलं."

"मामा..."

"भेग मी पाहिली होती. म्हटलं, एवढा हंगाम निघेल." त्यांनी ताईकडे बघितलं. "झटका त्याने दिला नव्हता, पोरी. लोक बोलत होते आणि मी ऐकून घेत होतो. माझी जीभ उचलली नाही."

धक्क्यावर कुणीतरी साखळी ओढत होतं, तिचा आवाज तेवढा येत होता. मी लेन्समधून बघत राहिलो. पुढे अंगठा, केवढा तरी मोठा, नखाच्या कडेला कायमचा बसलेला रंग. त्याच्या शेजारी निळी रेघ. आणि मागे, लहान झालेला, मामांचा चेहरा. तो लेन्सकडे बघत नव्हता, ताईकडे बघत होता. अंगठा थरथरायला लागला होता. होडीशेजारी उभ्या राहणाऱ्या मालकांना मी दिवसभर सांगत असतो, हलू नका, हलू नका. आज तोंडातून शब्द फुटेना.

ताई माझ्या बाजूला येऊन गुडघ्यांवर बसली. तिने हात लांब करून मामांचं मनगट धरलं. घट्ट. सांत्वनाला धरतात तसं नव्हे.

"हलू नका, मामा," ती म्हणाली. "फोटो नीट येऊ दे."