परवाना प्रकृतीचा

श्रीपाद टिपणिसांची प्रकृती ठणठणीत होती. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते मोठे अधिकारी. सकाळी टेनिस, दुपारी ताटभर मटण, आणि पंगतीत सगळ्यांत मोठा आवाज त्यांचाच. तरीही मुंबई राज्यात दारूबंदी आली तेव्हा एका ओळखीच्या डॉक्टरने त्यांना लिहून दिलं, की रोज थोडी दारू पोटात गेली नाही तर या गृहस्थांच्या जिवाला धोका आहे. त्यावर परवाना मिळाला. तेव्हापासून टिपणीस दारूला ‘औषध’ म्हणू लागले आणि दर रविवारी चार मित्रांना घरी बोलावून ते औषध वाटू लागले.

मित्रांत कल्याणचे शशिकांत वकील असत. एका रविवारी जेवणाआधी विषय निघाला, पिऊन गाडी चालवावी की नाही.

“कायद्यात पेगचा आकडा कुठे दिलाय?” वकील म्हणाले. “गाडी ताब्यात राहणार नाही इतकी घेऊ नये, एवढंच आहे. आणि ताबा सुटला होता हे सिद्ध कुणी करायचं? पोलिसांनी. करू देत की!”

“माणसाची लिमिट त्याची त्यालाच कळते,” टिपणीस म्हणाले. “मी चार घेऊनसुद्धा सरळ चालतो. बघा!” आणि फरशीच्या काळ्या रेघेवरून हात पसरून ते खरंच न डगमगता चालून गेले. मित्रांनी टाळ्या वाजवल्या.

त्यांची बायको सुनेत्रा भजी घेऊन आली होती. ती म्हणाली, “आणि ज्याच्या अंगावर गाडी जाते, त्याची लिमिट कुणी ठरवायची?”

“वहिनींनी वकील व्हायला हवं होतं,” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले आणि भज्यांवर तुटून पडले.

त्याच दिवशी चारच्या सुमारास टिपणीस आणि सुनेत्रा बदलापूरला निघाले. सुनेत्राच्या बहिणीकडे, नीलिमाकडे, पूजा होती. “टांग्यानं जाऊ या,” असं सुनेत्रा दोनदा म्हणाली. टिपणिसांनी मोटार बाहेर काढली. पालेगावचा फाटा मागे पडला तेव्हा पुढे पेंढ्याने भरलेली एक बैलगाडी दिसली. रस्त्याच्या अगदी कडेने, संथ चालली होती. उजवीकडे सगळा रस्ता मोकळा. टिपणीस कारखान्यातल्या कुठल्याशा कारकुनाची नक्कल करून दाखवत होते, तोंड सुनेत्राकडे वळवून.

“अहो, गाडी! पुढे बघा!” ती ओरडली.

“दिसतेय मला,” ते हसत म्हणाले, आणि त्यांची मोटार सरळ त्या बैलगाडीत घुसली.

गाडीवान पालेगावचा हिंदुराव. तो उडून शेताच्या बांधावर पडला, उजवा हात मोडला. गाडी उलटून एका बैलाच्या कण्यावर आली. बैल पाय झाडत राहिला. सुनेत्रा धावत हिंदुरावाकडे गेली. टिपणीस आधी मोटारीचा दिवा फुटला का ते बघायला गेले.

फौजदार आले. त्यांनी पहिल्यांदा कुणाचं तोंड हुंगलं असेल? हिंदुरावाचं. दुपारी भाकरीबरोबर त्याने पेलाभर ताडी घेतली होती आणि ती लपवण्याइतकं शहाणपण त्याच्याकडे नव्हतं. टिपणिसांच्या तोंडालाही वास होता, पण त्यांनी खिशातून परवाना काढला.

“परवाना आहे म्हटल्यावर प्रश्नच नाही, साहेब,” फौजदार म्हणाले.

प्रश्न होता. परवाना पिण्याचा होता, पिऊन माणसं तुडवण्याचा नव्हता. पण हे त्या रस्त्यावर कुणी बोललं नाही. सुनेत्राही बोलली नाही. नवऱ्याने तिचं मनगट घट्ट धरलं होतं. सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी साहेबांना एका रेघेवरून चालायला सांगितलं. साहेब तर त्यात तरबेज! उलट मोडक्या हाताने कण्हणारा हिंदुराव दोन पावलांत झोकांडला. झालं, निकाल लागला. ताडी पिऊन त्याने गाडी आडवी घातली, असा खटला त्याच्यावरच उभा राहिला.

कल्याणच्या कोर्टात तारीख पडली. सुनेत्रा मोटारीत होती, म्हणून तिलाही साक्षीला बोलावणं आलं. आदल्या दिवशी शशिकांत वकील शिकवायला आले.

“वहिनी, एकच वाक्य बोलायचं. बैलगाडी अचानक आडवी आली.”

“ती आडवी आली नव्हती.”

“तुम्ही घाबरला होतात. नीट दिसलं नसेल.”

“मलाच नीट दिसलं,” सुनेत्रा म्हणाली. “मी प्यायले नव्हते.”

टिपणिसांनी पेला आपटला. “घराण्याची अब्रू कोर्टात मांडणार का?”

दुसऱ्या दिवशी पिंजऱ्यात उभं राहून तिने सगळं सांगितलं. कडेने चाललेली बैलगाडी, मोकळा रस्ता, तिची हाक, त्यांचं हसणं. दुपारपासून नवऱ्याने किती घेतली होती, तेही. तिने एकही शब्द बदलला नाही. मॅजिस्ट्रेटनी हिंदुरावाला अपघाताच्या आरोपातून सोडलं आणि टिपणिसांवर खटला भरायला सांगितलं. ताडीबद्दल मात्र हिंदुरावाला कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवलं. कायदा तो कायदा.

पुढे टिपणिसांना दंड झाला, गाडी चालवायचं लायसन्स वर्षभरासाठी गेलं. मित्रमंडळींना फार वाईट वाटलं. एवढा सरळ चालणारा माणूस, आणि बायकोने बुडवला! टिपणिसांनी ड्रायव्हर ठेवला. आता मागच्या सीटवर बसून औषध घ्यायची सोय झाली, असं ते सांगू लागले, आणि मंडळी पुन्हा हसू लागली.

सुनेत्रा एकदा पालेगावला गेली. हिंदुरावाची बायको बनूबाई अंगणात भात पाखडत होती. तिने बाजलं पुढे केलं नाही.

“खरं बोललांव, ता बरा केलांव,” ती सुपातून नजर न उचलता म्हणाली. “पण त्याच दिशी बोलाचा व्हता. म्हैनाभर लोकं माज्या घोवाला बेवडा बोलली.”

सुनेत्रा उन्हात तशीच उभी राहिली. मग बनूबाईने सूप खाली ठेवलं, आत गेली आणि तांब्याभर पाणी आणून तिच्यापुढे धरलं.