सहाशे बारा बोगस

घाई कौसल्याच्या अंगातच होती. चहा तोंड पोळेल इतका गरम प्यायची, कोन गावाहून कामावर निघाली की बसची वाट न बघता मिळेल त्या टेम्पोत चढायची. राहनाळच्या गोदामात बसवलेला तो कपाटाएवढा जुना कॉम्प्युटर एकच फाइल नऊ-नऊ तास वाचत बसला की तिच्या जिवाची नुसती तगमग व्हायची. साल शहाऐंशी. लूमच्या खटखटाटात भिवंडीत कॉम्प्युटरला कोण विचारतो? पण मुंबईच्या कुठल्याशा कंपनीने काढून टाकलेलं ते धूड मालक यादवसाहेबांनी उचलून आणलं आणि तालुक्याच्या रेशनकार्डांचं कामही मिळवलं. एकाच माणसाची दोन-दोन कार्डं शोधायची, बोगस कार्डांची यादी पुरवठा कचेरीला द्यायची. यादीत आलं ते कार्ड रद्द.

फाइल टेपवर होती. टेप पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत ओळीनेच वाचावी लागते, मधे उडी मारता येत नाही. कौसल्याने प्रोग्रॅम बदलून एकेक नोंद आणण्याऐवजी शंभर-शंभर नोंदींचा गठ्ठा एका खेपेत आणायची सोय केली. विटा एकेक न नेता घमेल्याने न्याव्यात तसं. नऊ तासांचं काम तीन तासांवर आलं. इथे थांबली असती तर बरं झालं असतं, पण बाई हट्टाला पेटली. नोंदी क्रमाने लावताना यंत्र नाव, बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, वय, घर नंबर असं सगळं ताडून बघायचं आणि त्यात वेळ खायचं. तिने वय आणि घर नंबर उडवले. बाकीचं सारखं निघालं की पहिली नोंद ठेवायची आणि पुढच्या सगळ्या बोगस.

चाळीस मिनिटं! एवढ्या वेळात तर आधी टेप निम्मीसुद्धा फिरत नसे.

शनिवारी अकराला यादी छापून निघाली. सहाशे बारा नावं. जुन्या प्रोग्रॅमने मागल्या साली एकतीसच पकडली होती, तेव्हा खरं तर तिच्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. पण ती फुलून गेली. यादवसाहेबांनी टेबलावर थाप मारली. "कमाल केलीस, कौसल्या! सोमवारी तुला नोकरी पक्की झाल्याचं पत्र देतो. दोनला कचेरीची जीप येईल, माल तयार ठेव."

झाडलोट करायला सरूमावशी यायची, डोंगराकडच्या पाड्यावरून. कागदाच्या त्या लांबलचक घडीकडे बघत तिने विचारलं, "बाय, माजं नाव हाय का गो त्यात?"

कौसल्याने गंमत म्हणून पानं उलटली आणि तिचं बोट थांबलं. सरू जिव्या. खाली पुन्हा, सरू जिव्या.

"दोनदा आहे, मावशी."

"दोनदाच?" सरूमावशी हसली. "आमच्या पाड्यावर तीन सरू हायेत. तिघींचे घरवाले जिव्या. आडनाव तर आख्ख्या पाड्याचं येकच. कंपुटरमंदी नाव आलं म्हंजे कार्ड पक्कं जालं, न्हाय का?"

कौसल्याने यादी जवळ ओढली. ती भराभर पानं उलटत गेली. मंगळ्या, मंगळ्या, मंगळ्या. बुधी, बुधी. मंगळवारी जन्मला तो मंगळ्या, बुधवारची ती बुधी, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. पाडेच्या पाडे यादीत उतरले होते. सरूमावशी मात्र खुशीत पुढची खोली झाडायला गेली.

साडेबाराला कौसल्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरली. छापील यादी साहेबांनी तिथे मागवून घेतली होती आणि ते तिला पुठ्ठा लावत होते. तिने सगळं सांगितलं. साहेबांनी उठून दार लावलं.

"किती असतील असे?"

"चारशे. पाचशेही असतील. वय, घर नंबर घालून पुन्हा चालवते. तीन तास लागतील."

"जीप दोनला येतेय. सहाशेचा आकडा मी फोनवर सांगून बसलोय." त्यांनी घाम पुसला. "चुकून कापले गेले ते करतील अर्ज, मिळेल परत. तू गप्प बस."

साहेबही घाबरलेत हे तिला दिसलं आणि ती जास्तच घाबरली. अर्ज! तिच्या जातीच्या दाखल्यासाठी तिचे वडील रामदास तहसीलच्या खिडकीवर अकरा वेळा गेले होते, आणि ते तर मॅट्रिक झालेले, बुद्धविहारात सगळ्यांचे अर्ज लिहून देणारे. सरूमावशीला तर खिडकी कुठली तेही कुणी सांगणार नाही. तोवर पाड्यावर तांदूळ कुठून येणार? दुसरीकडे सोमवारचं पत्र. वडिलांनी आतापासूनच वस्तीत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पावणेदोनला ती यंत्राच्या खोलीत गेली. टेपच्या रिळामागे प्लॅस्टिकची कडी असेल तरच यंत्र तिच्यावर लिहितं. बोगस यादीची टेप तिने चढवली, कडी बसवली. घाईत कडी दोनदा खाली पडली. मग तिने टेपभर नुसती कोरी अक्षरं लिहायला लावली. सगळं पुसायला चार मिनिटं लागली. दारात कुणी येतंय का, हे ती तेवढा वेळ बघत होती.

बाहेर जीप सुरू झाल्याचा आवाज आला. साहेब आत आले, हात झटकत. "गेली एकदाची."

"साहेब, टेप मी पुसली."

"टेप?" साहेबांना काही कळेना. "अगं, कचेरीत टेप वाचायला यंत्र कुठाय? त्यांना कागदच लागतो. पुठ्ठा लावलेली यादी दिली मी." मग तिने काय केलं ते त्यांच्या नीट ध्यानात आलं. "सोमवारी येऊ नकोस."

तिच्या लेखी यादी म्हणजे टेप. कागद नुसता दाखवायला, कार्डं टेपवरूनच कापतील, असं तिने धरलं होतं. नोकरी गेली आणि यादीही कचेरीला गेली. प्रिंटरशेजारी कार्बनची दुसरी प्रत पडली होती. ती तिने काखोटीला मारली आणि बाहेर आली. पायरीवर सरूमावशी डबा उघडून बसली होती.

आता मात्र कौसल्याला साहेबांची, पत्राची, कशाचीच भीती वाटत नव्हती. भीती वाटत होती ती या बाईची.

"मावशी, त्या यादीत नाव येणं चांगलं नाही. ज्यांचं आलं त्यांचं कार्ड रद्द. तुमच्या तिघींतली एकच ठेवलीय, बाकीच्या दोघी खोट्या म्हणून कापल्या. हे मी केलंय. मी तुमच्याबरोबर पाड्यावर येते. सगळ्यांची कार्डं घेऊन आपण आजच कचेरीत जाऊ."

सरूमावशीने हातातला घास परत डब्यात ठेवला. रागावली नाही, रडली नाही. तिने कौसल्याच्या काखेतल्या कागदांकडे बोट केलं.

"बाय," तिने हळूच विचारलं, "आमच्या तिघींतली कोनती खरी ठेवलीस?"