तिसऱ्यांदा बांधाबांध

नगरपालिकेतून फोन आला की वर्दिया आधी खोकी मोजायची. नव्या घराच्या आनंदाने नव्हे, तर आता सगळं सामान पुन्हा बांधायला लागणार या विचाराने.

बेलकूर मोहल्ल्यातल्या त्या जुन्या इमारतीचा जिना लाकडी टेकूंवर उभा होता आणि जोराचा वारा सुटला की छताचे पोपडे जेवणाच्या ताटात पडायचे. म्हणून सगळ्या बिऱ्हाडांना शहराबाहेरच्या नव्या वसाहतीत घरं मंजूर झाली होती. पण हलवणार कधी, हे कुणीच सांगत नव्हतं. सांगायचे ते एवढंच, "तयार राहा." पहिल्यांदा हे ऐकून वर्दियाने आठवड्याच्या आत अख्खं घर खोक्यांत भरलं. ट्रक आले नाहीत. थंडी पडली तशी ब्लँकेटं बाहेर काढावी लागली. रमजान आला तसं कुसकुस वाफवायचं पातेलं काढावं लागलं आणि त्याच्यामागून एकेक करत सगळंच बाहेर आलं. दुसऱ्यांदा तिने वसंतात बांधलं. तेव्हाही तेच. आता उन्हाळा तोंडावर आला होता आणि परवाच पुन्हा फोन आला होता.

"कोणत्या दिवशी ते सांगा ना," वर्दिया फोनवर म्हणाली.

"बाई, वरून आदेश आला की कळवू. तुम्ही तयार राहा."

"मी वर्षभर तयारच आहे रे बाबा! तयार राहून राहून माझी कंबर मोडली!"

पलीकडून फोन ठेवला गेला होता.

बांधायचं काम अर्ध्याहून जास्त तिच्याच गळ्यात पडायचं. नवरा अर्झकी मदत करायचा नाही असं नव्हे. तो मदत करायचा आणि तीच खरी अडचण होती. आयुष्यभर त्याने बंदरावर क्रेन चालवली होती. खोकं चिकटपट्टीने बंद करायचं असतं हे त्याला मान्यच नव्हतं. बंदरावरून आणलेल्या जाड दोरीने तो प्रत्येक खोकं असं काही आवळायचा, की ते समुद्रात टाकलं असतं तरी आत पाणी शिरलं नसतं. त्याच्या गाठी त्याच्याशिवाय कुणाला सुटायच्या नाहीत आणि दोरी कापलेली त्याला खपायची नाही. वर काळ्या रंगाने लिहायचा. सगळ्या खोक्यांवर एकच शब्द: 'सामान'.

"अरे माणसा," वर्दिया म्हणाली, "आत काय आहे ते लिही. पेले, चादरी, काहीतरी. सामान आहे हे मलाही दिसतंय!"

"उघडलं की कळेलच."

"उघडायला तू लागतोस ना! आणि तू असतोस खाली कॉफी पीत, डॉमिनो खेळत."

अर्झकीने दोरीला पीळ दिला. गाठ ओढताना तो कधीच बोलायचा नाही.

दुसरं भांडण होतं मोटारींचं. बाल्कनीत जुन्या धुलाई यंत्रांच्या मोटारी पडल्या होत्या, सोबत एका पंख्याचं धूड आणि गंजलेल्या नळांची पिशवी. वर्दियाने एका सकाळी कंबर कसली आणि सगळं खाली कचऱ्याच्या ढिगावर नेऊन टाकलं. दुपारी पाहते तर मोटारी पुन्हा बाल्कनीत! वर स्वच्छ पुसून, दोरीने बांधून.

"चांगलं तांबं आहे त्यात," अर्झकी म्हणाला.

"तुझ्या डोक्यात काय आहे ते सांग आधी!"

तरी हे सगळं तिने चालवून घेतलं असतं. पण मध्येच नुआराचं लग्न ठरू लागलं.

नुआरा तिची एकुलती एक मुलगी, औषधांच्या दुकानात कामाला. तिथेच औषधं पोचवायला येणाऱ्या यूबाशी तिचं सूत जुळलं होतं. मुलगा चांगला, घर चांगलं. त्याची आई फेरूजा मात्र मोठी करारी बाई, सगळे तिला आदराने 'लल्ला' म्हणायचे. मागणी घालायला यायचं त्यांचं दोनदा ठरलं होतं आणि दोन्ही वेळा वर्दियाने ते पुढे ढकललं होतं, कारण दोन्ही वेळा ट्रक येणार होते. आता शुक्रवार ठरला होता. नगरपालिकेचा फोन आल्यावर वर्दिया लल्ला फेरूजाशी फोनवर हात जोडूनच बोलली.

"लल्ला, आमचं सामान पुन्हा बांधायला घेतलंय हो. नव्या घरात गेल्यावर या ना, निवांत."

"वर्दिया," पलीकडून शांत आवाज आला, "तिसऱ्यांदा थांबवलंस तर मी त्याचा अर्थ नाही असाच घेईन."

वर्दियाने मनाशी हिशेब केला: शुक्रवारी कचेऱ्या बंद, सुट्टीच्या दिवशी ट्रक कुठून येणार? तिने होकार कळवला आणि घराकडे वळून पाहिलं. दिवाणखान्यात खोक्यांची भिंत उभी होती. कॉफीचा चांगला संच, मोठं तबक, सणासुदीचा टेबलक्लॉथ, सगळं त्या भिंतीत कुठेतरी, 'सामान' या नावाखाली.

"कॉफीचे कप कुठल्या खोक्यात आहेत?" तिने विचारलं.

अर्झकीने खोक्यांकडे बघत हनुवटी खाजवली. "डावीकडच्यात असतील. किंवा खालच्या रांगेत."

गुरुवारची दुपार त्यातच गेली. अर्झकी एकेक गाठ सावकाश सोडवायचा, दोरी गुंडाळून बाजूला ठेवायचा आणि मग आतून निघायचे हिवाळी बूट. पुढच्यातून नुआराची शाळेची दप्तरं. त्यापुढच्यातून इस्त्री आणि तिच्याभोवती गुंडाळलेले पडदे. शेवटी वर्दियाने स्वयंपाकघरातली सुरी आणली आणि दोन खोक्यांच्या दोऱ्या खचाखच कापल्या. अर्झकीच्या चेहऱ्यावर कुणी त्याचं बोट कापल्यासारखी कळ उमटली. त्या खोक्यांतही कप नव्हतेच.

"यम्मा, शेजारून मागून आणते," नुआरा म्हणाली.

"जा. मलिहाखालाकडे बघ."

वरच्या मजल्यावरच्या मलिहाखालाचंही सामान बांधलेलंच होतं. ती स्वतःच खाली आली, हातात दोन काचेचे पेले, बशीत खजुराच्या थोड्या मक्रूत वड्या. आली ती बसलीच. नव्या वसाहतीत पाणी दिवसाआड येतं, तिथला खाटीक उद्धट आहे, कुणाच्या तरी मेव्हण्याला उत्तरेकडची खोली मिळाली आणि त्याला संधिवात झाला. एकेक बातमी ती चवीचवीने सांगत होती. वर्दिया उभ्याउभ्याच "हो का," "अरे देवा," म्हणत होती. मनात मात्र म्हणत होती, ऊठ बाई, ऊठ आता.

शुक्रवारी नमाजानंतर पाहुणे आले. लल्ला फेरूजा, यूबा आणि यूबाचा काका. लल्ला फेरूजाने गडद निळा, सोनेरी भरतकामाचा घोळदार पोशाख घातला होता. यूबाच्या हातात मोठा केक होता आणि तो ठेवायला घरात जागा सापडत नव्हती. शेवटी अर्झकीने तो खोक्यावरच ठेवला. बसायला गुंडाळलेल्या गाद्या होत्या, वर घाईघाईने पसरलेली एक चादर. काकांना गादीवर बसताना गुडघे दुमडेनात, तेव्हा त्यांना 'सामान' लिहिलेल्या एका भक्कम खोक्यावर बसवलं.

कॉफी आली ती काचेच्या पेल्यांत, मगांमध्ये आणि एका जॅमच्या बरणीत. बरणी वर्दियाने स्वतःच्या हातात ठेवली आणि ती ओढणीआड धरायचा प्रयत्न करत राहिली. लल्ला फेरूजाची नजर मात्र खोल्यांमधून फिरत होती. तिने बाल्कनीतल्या मोटारी पाहिल्या. ठिगळ लावलेली उशी पाहिली. वर्दियाला वाटलं, जमीन फाटावी. मुलीच्या मागणीच्या दिवशी घर कसं असायला हवं होतं! भिंतीवर आरसा, तबकात फुलं, कपाटात काचेची भांडी. तिने ते सगळं किती वर्षं मनात मांडून ठेवलं होतं.

काका खाकरले. "देवाच्या नावाने, आम्ही आज या घरी आलो आहोत ते…"

खाली हॉर्न वाजला. एकदा, मग लागोपाठ. गल्लीत आरडाओरडा सुरू झाला. मलिहाखालाचा आवाज जिन्यातून सुसाट खाली गेला: "आले! ट्रक आले!"

वर्दियाने डोळे मिटले. "आज शुक्रवार आहे," ती पुटपुटली. "आज शुक्रवार आहे ना?"

भोंग्यावरून एक माणूस सांगत होता, की सूर्यास्तापर्यंत सामान ट्रकात न चढवणाऱ्यांचा नंबर पुढच्या तुकडीत जाईल. पुढची तुकडी कधी, ते तो सांगत नव्हता.

वर्षभराचं जे काय साठलं होतं, ते तेव्हा बाहेर पडलं. वर्दिया बरणी हातात घेऊनच बाल्कनीत गेली आणि कठड्यावरून वाकून ओरडली.

"ए भोंगेवाल्या! वर बघ! वर्षभर मी सामान बांधून बसले तेव्हा तू कुठे होतास? थंडीत होतास? रमजानात होतास? आज माझ्या मुलीची मागणी आहे, आज आलास तू? माझे पाहुणे खोक्यांवर बसलेत! थांब म्हणते ना, थांब! मागणीची फातिहा वाचून होईपर्यंत एकही माणूस माझ्या जिन्यात पाऊल टाकणार नाही!"

गल्लीत कुणीतरी टाळी वाजवली, वरच्या मजल्यावरून एका बाईने आनंदाची लांब किलकारी मारली आणि भोंगेवाला कपाळावरचा घाम पुसत म्हणाला, "वाचा, बाई, वाचा. पण जरा लवकर."

वर्दिया आत आली. लाजेने तिचे कान तापले होते. संपलं, तिला वाटलं. असली तोंडाळ विहीण कुणाला हवी? नुआरा खाली मान घालून उभी होती, पण तिचे खांदे हलत होते आणि ती रडत नव्हती, हसत होती.

लल्ला फेरूजा गंभीर चेहऱ्याने काकांकडे वळली. "तुम्ही बोला. थोडक्यात."

काकांनी खरंच थोडक्यात मागितलं, अर्झकीने थोडक्यात होकार दिला. सगळ्यांनी हात पसरून फातिहाची प्रार्थना म्हटली. यूबाने नुआराला अंगठी घातली, वरच्या बाईने पुन्हा किलकारी मारली आणि लल्ला फेरूजा उठून उभी राहिली. तिने निळ्या पोशाखाचा घोळ कमरेला खोचला, बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवल्या.

"यूबा, जाकीट काढ. गाद्या आधी."

"लल्ला, अहो नको!" वर्दिया धावली. "तुम्ही पाहुण्या आहात. नवा पोशाख…"

"पाहुणी मघाशी होते," ती म्हणाली आणि ठिगळाची उशी काखेत मारली. जिन्याच्या दारात थांबून ती खालच्या आवाजात म्हणाली, "आम्हालाही असंच हलवलं होतं. माझ्या सासूचं जेवणाचं टेबल जिन्यात अडकलं. ते तिथेच सोडून आले मी. ते आठवलं की आजही घास उतरत नाही."

वर्दियाने दोन खोकी उचलली आणि तिच्या मागे निघाली.

टेकू लावलेल्या त्या जिन्यावरून सगळं घर खाली उतरलं. काकाही उतरले, हातात केक सांभाळत. अर्झकीच्या दोऱ्यांचा इथे मात्र उपयोग झाला. एकही खोकं फुटलं नाही आणि तो हे प्रत्येक खेपेला बोलून दाखवत होता. मोटारी नेऊ नका असं वर्दियाने बजावलं होतं, पण यूबाने होणाऱ्या सासऱ्याची मर्जी राखायला त्याच सगळ्यांत आधी उचलल्या होत्या. त्याने खांद्यावरून मोटार उतरवली, तेव्हा अर्झकी त्याच्याकडे पोटच्या पोराकडे पाहावं तसा पाहत होता. वर्दियाने कपाळावर हात मारला. एक काय कमी होता, आता दोन झाले!

नवं घर सहाव्या मजल्यावर होतं. लिफ्ट होती, पण तिला अजून वीज जोडली नव्हती. ते ऐकून वर्दिया पायरीवर मटकन बसली आणि बराच वेळ उठलीच नाही. नुआरा शेजारी येऊन बसली.

"यम्मा, झालं गं. आता परत बांधायचं नाही."

"तुझं लग्न आहे अजून," वर्दिया म्हणाली. "तुझं सामान कोण बांधणार?"

"बाबा."

दोघींनाही हसू आवरेना. शेवटी हसून हसून वर्दियाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग ते हसण्याचं राहिलं नाही. नुआराने तिचं डोकं खांद्यावर घेतलं.

वर गेल्या तेव्हा सूर्य कलला होता. भिंतींना ताज्या चुन्याचा वास होता, छत सपाट आणि कोरडं होतं. स्वयंपाकघरात लल्ला फेरूजा यूबाला हुकूम सोडत होती. टेबल तिने खिडकीखाली लावून घेतलं होतं, शेगडी कोपऱ्यात.

"इथे उजेड चांगला येतो," ती वर्दियाला म्हणाली. "नाही का?"

वर्दियाला टेबल दाराजवळ हवं होतं. खिडकीखाली ती स्वतः उभी राहून भाजी चिरणार होती, खाली रस्ता बघत. पहिल्या वेळी सामान बांधलं तेव्हापासून तिने हे ठरवलेलं होतं.

"छान आहे, लल्ला," ती म्हणाली. "अगदी छान."

केक त्याच टेबलावर कापला. सगळ्यांनी उभ्यानेच हाताने खाल्ला, बोटं चाटली, पुढच्या शुक्रवारी परत भेटायचं ठरलं. पाहुण्यांची पावलं जिन्यात खालपर्यंत ऐकू आली आणि बंद झाली.

"अर्झकी," वर्दिया म्हणाली, "त्या बाजूने धर."

"काय?"

"टेबल. धर आणि काही बोलू नकोस."

त्याने धरलं आणि खरोखरच काही बोलला नाही.