फुग्यातले शब्द

रोजच्या पेपरात वैमानिक बाईची चित्रकथा यायची. चित्रं धाकटा भाऊ काढायचा आणि बोलण्याच्या फुग्यांतली अक्षरं ताई. वाक्यं तो चिठोऱ्यावर लिहून द्यायचा, ताई ती मान मोडून सुबक अक्षरात उतरवून काढायची. अकरा वर्षांत तिने "वाचवा!" इतक्या वेळा लिहिलं होतं की डोळे मिटूनही जमलं असतं. बाई विमान चालवायची झकास, पण शनिवार आला की इंजिन बंद पडायचं आणि कुठून तरी कप्तान दोरीला लटकत टपकायचा.

एकदा ताईचं डोकंच फिरलं. "वाचवा!"च्या जागी तिने लिहिलं, "बाजूला व्हा, विमान मी खाली आणते." आणि चित्र परस्पर छापखान्यात धाडून दिलं.

शनिवारी पेपर पाहून भाऊ लालबुंद झाला. "ताई, कथा माझी आहे!"

"मग अक्षरंही तूच काढ."

त्याचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण हिची खोड मोडायचीच म्हणून पुढच्या चित्रात त्याने बाईचा फुगा वाटाण्याएवढा काढला. "वाचवा" कसंबसं मावलं असतं, त्याहून एक अक्षर जास्त नाही. समोर कप्तान दोरीवरून हात पुढे करून लोंबकळत होता.

ताईने सगळ्यात बारीक निब शोधलं, शाईत बुडवलं आणि फुग्यात लिहिलं, "नको."

जागा उरली.